एलन टेरीचा हिरवा झगा

प्रश्न : आमची हौशी संस्था ‘मॅकबेथ’ बसवते आहे. एलन टेरी या अभिनेत्रीचा लेडी मॅकबेथचा हिरवा झगा चित्रकार सार्जंटच्या चित्रात पाहिला. तो कशाचा होता? तसा करता येईल का?
– वाचक, सांगली

उत्तर : करता येईल, पण चित्रावरून नको. डोक्यावर मुकुट धरलेली ती पोझ सार्जंटची कल्पना. प्रयोगात ती नव्हतीच.

लंडनच्या लायसियम नाट्यगृहात नट आणि नाट्यगृहचालक हेन्री आयर्विंगने डिसेंबर १८८८मध्ये हे नाटक आणले. वेशभूषाकार ॲलिस कॉमिन्स कार यांना चिलखताचा भास आणि सापाच्या खवल्यांची झाक, दोन्ही हवे होते. म्हणून हिरवी लोकर आणि निळा जरीचा धागा एकत्र घेऊन झगा क्रोशाने विणला गेला. त्यावर हिरव्या भुंगेऱ्यांची सुमारे हजार पंखकवचे शिवली.

खरी कवचे वापरणार असाल तर आधी वाफेवर मऊ करा, मगच सुईने भोक पाडा. कोरड्या कवचाला चीर जाते. चकचकीत हिरव्या पत्र्याचे पातळ तुकडेही चालतील. मात्र कडा घासून घ्या, नाहीतर लोकर तुटते. विणीमागे अस्तराची जाळी हवीच. क्रोशाची वीण स्वतःच्या वजनाने लांबते, म्हणून झगा टांगू नका, आडवा ठेवा. मूळ झग्याच्या दुरुस्तीला १३०० तास लागले. तडकलेली शंभरेक कवचे जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने सांधावी लागली. २०११पासून तो इंग्लंडच्या केंटमधल्या स्मॉलहाइथ या टेरीच्या घरी पाहायला मिळतो.

प्रकाशयोजनेकडे सर्वात जास्त लक्ष द्या. लायसियममध्ये विजेचे दिवे आले, तेव्हा चेहऱ्यांवरचा परिणाम पाहून टेरीनेच आयर्विंगला पुन्हा गॅस लावायला सांगितले. पांढरा एलईडी समोरून मारलात तर सगळा झगा सपाट दिसेल. पिवळसर प्रकाश खालून, बाजूने द्या. अभिनेत्री हलेल तसे खवले चमकतील.

प्रश्न : ही भूमिका तिची सर्वोत्तम मानतात का?
– वाचक, पणजी

उत्तर : नाही. तिने लेडी मॅकबेथ नवऱ्यावर जीव टाकणारी बायको म्हणून केली आणि अनेक समीक्षकांना ती फार मवाळ वाटली. आमच्या मते ते वाचन धाडसाचे होते. नवव्या वर्षी, १८५६मध्ये, ती रंगभूमीवर आली. मधली काही वर्षे संसारासाठी सोडली, १८७४मध्ये परतली. तिचा खरा दबदबा १८७५मध्ये ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधल्या पोर्शियाने निर्माण झाला, आणि आयर्विंगने तिला १८७८मध्ये लायसियममध्ये बोलावले.