हॉटेलात भांडी घासणाऱ्याला ‘प्लाँझर’ म्हणतात असं वाचलं. हा शब्द मुंबईत चालतो का?

मुंबईत नाही चालत, हे आधीच सांगतो. मी वापरून बघितलाय.

शब्द फ्रेंच, अर्थ पाणबुड्या. ‘प्लाँझे’ म्हणजे बुडी मारणं. समुद्रात उतरणारा प्लाँझर आणि सिंकमध्ये कोपरापर्यंत हात घालणाराही प्लाँझरच. ते काम, ती जागा म्हणजे ‘प्लाँझ’. गंमत म्हणजे घरी जेवणानंतर भांडी घासली तर फ्रेंच लोक सहसा ‘व्हेसेल’ केली म्हणतात. पगार असेल तर बुडी! मूळ लॅटिनमधल्या शिशाच्या नावात, ‘प्लुंबुम’मध्ये आहे, शिसं बांधलं की वस्तू तळाला जाते. आपला प्लंबरही त्याच घरातला.

दादरच्या कॉलेजात कॉमी, सू शेफ वगैरे किचनमधल्या पदांची फ्रेंच नावं घोकून मी एका मोठ्या हॉटेलात लागलो आणि पहिल्याच दिवशी ऐटीत विचारलं, “प्लाँझर कुठे असतात?” कोणी मानही वर केली नाही. तिथे खात्याचं नाव किचन स्टुअर्डिंग, जागा पॉटवॉश. उडुप्याकडे तर सरळ मोरी. “आज मोरीवर कोण?” विषय संपला.

पॉटवॉशच्या मामांनी माझ्यापुढे दाल मखनीचं पातेलं सरकवलं. माझ्या कमरेला लागेल एवढं, तळाला काळा थर. मी तारेची घासणी घेऊन तुटून पडलो. मामा म्हणाले, “अरे, भांड्याशी मारामारी करू नकोस. भिजू दे.” गरम पाणी आणि सोडा घालून ठेवलं, मग उलथन्याने थर पापडासारखा निघाला. कडांसाठी मात्र पातेलं आडवं करून खांद्यापर्यंत आत शिरावं लागलं. पाणबुड्या का म्हणतात ते तेव्हा डोक्यात शिरलं.

प्लेटा मशीनमध्ये जातात. शेवटचं पाणी 82 अंशांच्या आसपास, त्यामुळे बाहेर आल्यावर त्या आपोआप वाळतात. मी सवयीने फडका मारला आणि मामांनी ती प्लेट परत धुवायला टाकली. फडकाच सगळ्यात घाणेरडा असतो म्हणे.

तर इथे मुलाखतीत स्टुअर्डिंग म्हणा. कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या मॉन्ट्रियलला जायचा विचार असेल तर प्लाँझर लक्षात ठेवा, तिथे नोकरीच्या जाहिरातीत हाच शब्द छापतात.