विकास आराखड्यावरची हरकत : वाचकांचे प्रश्न

कुठल्या जमिनीवर रस्ता, उद्यान किंवा घरे व्हायची हे विकास आराखडा ठरवतो. नाशिक शहर आणि आसपासच्या गावांतून त्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक.

प्रश्न : आमचे गाव महानगर प्राधिकरणाच्या हद्दीत आहे. प्रारूप (कच्च्या) आराखड्यात द्राक्षबागांमधून रस्ता जाणार अशी चर्चा आहे. एकच छापील अर्ज करून दोनशे सह्या घ्यायचे गावाने ठरवले आहे. एवढे पुरेल का?
— शेतकरी, गिरणारे परिसर

उत्तर : नाही. सुनावणी घेणारी नियोजन समिती सह्या मोजून निर्णय देत नाही. "शेतकऱ्यांवर अन्याय होतो, रस्ता रद्द करा" एवढ्यावर तिला काही करता येत नाही. त्यात गट नंबर नसतो, मोजमाप नसते आणि रस्ता मग कुठून न्यायचा तेही नसते. गावाचे निवेदन जरूर द्या, पण ज्यांचे गट बाधित होतात त्या प्रत्येकाने वेगळी हरकत द्यावी.

तयारी आजच सुरू करा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 खाली प्रारूप प्रसिद्ध झाले की हरकतीसाठी 30 दिवस मिळतात (दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकेत 60). सरकारी मोजणीला यापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. त्यामुळे प्रारूपाची वाट पाहत बसलात तर मोजणी नकाशाची 'क' प्रत (अर्जदाराला मिळणारी प्रत) हाती येईपर्यंत मुदत संपलेली असेल. सातबारा, आठ-अ, फेरफार आणि गटाचा नकाशा हेही काढून ठेवा. विहीर आणि फळबाग सातबाऱ्यावर नोंदलेली आहे का, ते आधी पाहा. नसेल तर तलाठ्याकडे नोंद करून घ्या आणि पीक पाहणी चालू हंगामाची ठेवा. समितीपुढे नुसत्या फोटोपेक्षा या नोंदीला जास्त वजन असते.

प्रारूप आले की पहिल्यांदा विद्यमान जमीन वापराचा नकाशा मागा. कलम 25 प्रमाणे आराखडा त्याच पायावर आखतात. त्या नकाशात तुमचे घर, शेड किंवा विहीर दाखवलेली नसेल तर आखणी करणाऱ्याने ती जागा मोकळी समजून रेघ ओढलेली असते. ही चूक कागदाने सिद्ध होते, म्हणून हरकतीतला सर्वांत भक्कम मुद्दा हाच. नकाशाचे प्रमाण 1:5000 असेल तर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जागेवर पाच मीटर, हेही ध्यानात ठेवा. रस्ता नेमका बागेत येतो की बांधावरून जातो हे डोळ्यांनी ठरवू नका. त्या भागाचा भाग नकाशा घ्या आणि मोजणी नकाशा त्याच प्रमाणात करून त्यावर ठेवा.

हरकतीत एका पानावर इतके असावे : गाव, गट नंबर, एकूण क्षेत्र, प्रस्तावाचा प्रकार आणि रस्त्याची रुंदी, बाधित होणारे क्षेत्र चौरस मीटरमध्ये, जागेवर आज काय आहे आणि पर्याय. शिव रस्ता (दोन गावांच्या हद्दीवरचा) किंवा दोन गटांमधला बांध धरून आखणी सरकवता येत असेल तर ती भाग नकाशावर लाल शाईने दाखवा. रस्ता दोन्ही टोकांना जुळला पाहिजे. जो पर्याय पुढच्या गावात जाऊन तुटतो, तो समिती बाजूला ठेवते. सातबाऱ्यावर सहहिस्सेदार असतील तर सर्वांच्या सह्या घ्या किंवा अधिकारपत्र जोडा. दोन प्रती द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पत्ता पूर्ण लिहा, कारण सुनावणीची नोटीस त्याच पत्त्यावर येते.

सुनावणीत बोलायला फार वेळ मिळत नाही. तेच एक पान वाचा आणि लेखी म्हणणे म्हणून दाखल करून घ्या.

इथे बहुतेक जण थांबतात, आणि धोका इथेच आहे. दुसऱ्याची हरकत मान्य झाली की रस्ता किंवा आरक्षण (सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा) तुमच्या गटावर सरकू शकते. म्हणून कलम 28 खाली बदलांसह प्रसिद्ध होणारा आराखडा पुन्हा तपासा, तुमची मूळ जमीन प्रारूपात मोकळी असली तरीही. नवा बोजा दिसला तर आराखडा मंजुरीसाठी शासनाकडे जाताच लगेच शासनाला लेखी कळवा. शासनाने स्वतः महत्त्वाचे फेरबदल सुचवले तर कलम 31 खाली पुन्हा नोटीस निघते. त्या वेळी हरकत फक्त त्या फेरबदलांवर ऐकली जाते. जुना राहिलेला मुद्दा तिथे चालत नाही.

प्रश्न : आमच्या कॉलनीजवळचे उद्यानाचे आरक्षण वगळून तिथे रहिवास विभाग करण्याची कलम 37 ची (मंजूर आराखड्यातल्या फेरबदलाची) नोटीस वर्तमानपत्रात आली आहे. जमीन आमची नाही. आम्हाला हरकत घेता येते का?
— रहिवासी, इंदिरानगर

उत्तर : येते, मालकी लागत नाही. मुदत नोटिशीच्या तारखेपासून एक महिना असते. शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनातल्या नगररचना विभागातून ठराव, प्रस्ताव आणि भाग नकाशा पाहायला मागा. फेरबदलाचे कारण त्यात लिहिलेले असते आणि तुमच्या हरकतीने त्या कारणाला उत्तर द्यायचे असते.

"परिसरात मोकळे भूखंड आहेत, मग उद्यान कशाला" हे कारण अनेकदा पुढे केले जाते. ते मान्य करू नका. अभिन्यासातली (ले-आउटमधली) दहा टक्के खुली जागा त्या अभिन्यासातल्या भूखंडधारकांसाठी असते. आराखड्यातले उद्यान सगळ्या परिसरासाठी. एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. त्याच परिसरात दुसरे उद्यान विकसित झाले आहे का, किती अंतरावर आहे आणि वाटेत मोठा रस्ता किंवा नासर्डीसारखा प्रवाह ओलांडावा लागतो का, हे नकाशावर दाखवा. जमीनमालकाला मोबदला मिळायला हवा हेही मान्य करून लिहा : दाट वस्तीबाहेर आरक्षित जमीन ताब्यात दिल्यास क्षेत्राच्या दुप्पट टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळतो. आरक्षण न काढताही मालकाला न्याय मिळू शकतो, हे प्रस्तावाच्या विरोधातले जड कारण आहे.

प्रश्न : प्लॉट निळ्या पूररेषेच्या आत दाखवला आहे. आराखड्यावर हरकत घेऊन रेषा बदलेल का?
— वाचक, पंचवटी

उत्तर : नाही. पूररेषा, म्हणजे पुराचे पाणी कुठवर येते ती सीमा, जलसंपदा विभाग ठरवतो, आराखड्यात ती फक्त उतरवतात. उतरवताना सरकली असेल तरच हरकत घ्या आणि त्या विभागाचा नकाशा जोडा. रेषाच मान्य नसेल तर अर्ज जलसंपदा विभागाकडे करावा लागतो.

प्रश्न : दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही तर आरक्षण आपोआप उठते का?
— वाचक, सातपूर

उत्तर : आपोआप नाही. जमीनमालकाला कलम 127 खाली नोटीस द्यावी लागते. त्यानंतर 24 महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे उठते. नोटिशीसोबत मालकीची कागदपत्रे जोडलेली नसली तर याच मुद्द्यावर ती फेटाळली जाते.