पुण्यात हिवाळ्यात तलावांवर पक्षी बघायला कुठे जावं? मोठी लेन्स नसेल तर जमेल का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी नुकतेच पुण्यात आलात, आणि ऑफिसातले मित्र म्हणतात सहाशे मिलिमीटरची लेन्स असल्याशिवाय काठावर जाऊन उपयोग नाही, म्हणून हप्त्यावर घ्यायचा विचार चाललाय.

घेऊ नका. पहिला हिवाळा तरी नाहीच. त्यातल्या थोड्या पैशांत ८ बाय ४२ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, बरी दुर्बीण येते, आणि उरलेल्या पैशांत पुढची कित्येक वर्षं भिगवणला जाऊन चिलापी खाता येते. दुकानदार १२ पट, २० पट असलं काही गळ्यात मारायला लागला तर नको म्हणा. जितकी पट वाढते तितकी हाताची थरथरही वाढते, मग बदकाच्या जागी नुसता पाण्याचा झोका दिसतो.

कुठे जायचं हे काही गुपित नाही. बाणेर-औंधकडे राहत असाल तर पाषाण तलाव, हडपसरच्या बाजूला असाल तर सोलापूर रोडवरचं कवडी, गाडी असेल तर खडकवासल्याचं बॅकवॉटर. सुट्टीच्या दिवशी उजनी धरणाचा फुगवटा, म्हणजे भिगवणजवळचं कुंभारगाव. तिथे होडी मिळते. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायचे असतील तर जानेवारीनंतर जा, पाणी ओसरून चिखल उघडा पडायला लागतो तेव्हा ते चांगले दिसतात. बदकं साधारण दिवाळीनंतर जमायला लागतात आणि मार्चपर्यंत हळूहळू जातात. सूर्योदयाला काठावर हवं आणि सूर्य पाठीशी हवा. एवढं पुरे, बाकीचं काठावर बसून कळतं.

आता लेन्सबद्दल. इथे मला जरा जास्त बोलायचंय.

मी १९९८पासून वहीत नोंदी ठेवते. बँकेत होते, त्यामुळे रविवार सकाळ एवढीच काय ती माझी. यजमान गाडी चालवतात आणि गाडीतच बसून पेपर वाचतात, त्यांना वारकरी आणि टिबुकली या पाणपक्ष्यांतला फरक अजून कळत नाही, पण कुरकुर करत नाहीत. कुरकुर करतात ते धाकटे दीर. २०११च्या डिसेंबरात खडकवासल्याला मी ऑस्प्रे या शिकारी पक्ष्याला मासा उचलताना पाहिलं. पायांत मासा, त्याचं तोंड पुढे, विमानाला टांगल्यासारखा, आणि पक्षी पाणी झटकत माझ्या डोक्यावरून गेला. घरी येऊन मी हातवारे करून सांगत होते, सगळे ऐकत होते, आणि भावजींनी फक्त एवढंच विचारलं, "वहिनी, फोटो कुठाय?"

तेव्हापासून हे चालू आहे. मी काहीही सांगितलं की फोटो कुठाय. गणपतीत, दिवाळीच्या फराळाला, एकदा तर मांडवात वरमाला पडायच्या आधी.

मग त्यांनी स्वतःच लेन्स घेतली. दीडशे ते सहाशे, बंदुकीसारखी. आणि मला म्हणाले, आता मला कवडीला न्या. ती २०१७ची किंक्रांत, रविवार होता. किंक्रांतीला नवं काही करू नये म्हणतात, ते त्या दिवशी पटलं.

कवडी पाहिलेलं नसेल तर सांगते. मुळा-मुठेवर एक जुना बंधारा आहे. शहराचं सगळं नको असलेलं पाणी तिथवर येतं. फेस असतो, वास असतो, काठावरच्या झुडपांना प्लॅस्टिकच्या पिशव्या लटकलेल्या असतात. आणि त्याच पाण्यात पक्षी असतात, कारण घाणीबरोबर अळ्या-किडे येतात आणि थापट्यासारखं बदक आपल्या फावड्यासारख्या चोचीने ते गाळून खातं. पक्षी दिसले म्हणजे नदी बरी आहे असं जे लोक म्हणतात त्यांनी एकदा तिथे अर्धा तास नाक उघडं ठेवून उभं राहावं.

त्या सकाळी धुकं होतं. आधी नुसते आवाज. चक्रवाकाचा तो आँग-आँग, आणि लांब पायांच्या शेकाट्यांची टिवटिव. मग धुकं वर सरकलं आणि पाण्यावर गुलाबी काड्या दिसल्या. शेकाट्यांचे पाय. मी दहा-दहाच्या गटांनी मोजत होते, १४० पर्यंत आले होते. थापटे ३८. चक्रवाक ११, गेल्या वर्षीपेक्षा दोन कमी. हळदी-कुंकू बदकं पलीकडे, ती इथलीच, त्यांना थंडीचं काय. आणि कडेला, गवताला लागून, एक छोटं तपकिरी बदक एकटंच. डोळ्यावर फिकट रेघ.

मी ऐटीत म्हणाले, "भावजी, ते भुवई बदक. गार्गेनी. ठळक पांढरी भुवई नाही म्हणून मादी समजू नका हं, यांचा नरसुद्धा बराच हिवाळा मादीसारखाच दिसतो." हे खरं आहे, कुठल्याही पुस्तकात सापडेल. नर बदकं इकडे येतात तेव्हा साध्या पिसांत असतात, आणि भुवई बदकाला रंग चढायला इतरांपेक्षा उशीर लागतो. भावजींनी नाव लिहून घेतलं. मला बरं वाटलं, का नाही वाटणार.

मग ते म्हणाले, "बसलेलं काय काढायचं, उडताना पाहिजे." आणि मी काही बोलायच्या आत वाकून एक दगड उचलला आणि टाकला. बदकाला नाही लागला. लागायला हवाच होता असं नाही. सगळं पाणी उठलं. शेकाटे, थापटे, चक्रवाक, बंधाऱ्यावरचे धोबी पक्षी, सगळे. लेन्स खटखटखटखट चालली होती आणि माझं मोजणं १४० वर अडकलं.

मी ओरडले. काठावर दहा-बारा लोक होते, त्यांच्यादेखत. म्हटलं, तुमच्या घरात मी जेवणाच्या ताटात दगड टाकला तर चालेल का? ही पाखरं कुठून कुठून येतात, चक्रवाक तर लडाख-तिबेटकडचा, हिमालय ओलांडून येतो, आणि इथे पोट भरत असताना तुम्ही त्याला फोटोसाठी उठवता? ते म्हणाले, "वहिनी, बदकंच आहेत." परतताना गाडीत कोणी बोललं नाही. गुळाची पोळी डब्यात तशीच राहिली.

तर लेन्सचं असं आहे. लेन्स वाईट नाही, पण ती हातात आली की माणसाला बसवत नाही. पक्षी जवळ हवा, उडायला हवा, वळायला हवा. दुर्बिणीवाला जे असेल ते बघतो. नवशिक्याने आधी एकच तलाव धरावा, दर रविवारी तिथेच जावं, मोजावं, लिहावं. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाका हवं तर, जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते त्यात जा, कुणीही नव्याला शिकवतं. दुर्मीळ पक्ष्याचा निरोप आला म्हणून तीस गाड्या भिगवणला धावतात त्यात जाऊ नका.

हो, एक राहिलं, आणि हे लिहायचं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला.

त्या रात्री भावजींनी फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. फोटो उत्तम होता, मान्य. खाली ओळ, "गार्गेनी, ओळख वहिनींची." मी बोटांनी मोठा करून पाहिला. पंखावर हिरवा पट्टा आणि त्याच्या पुढच्या कडेला रुंद पांढरी पट्टी. शेपटीच्या बाजूला फिकट रेघ. ते गार्गेनी नव्हतंच, चक्रांग होतं, म्हणजे कॉमन टील, दुसरंच छोटं बदक. चेहऱ्यावरची रेघ मी धुक्यात मनाने जाड केली होती. आणि दगड टाकला नसता तर तो पंख उघडलाच नसता.

म्हणजे फोटो नसता तर चूक कळली नसती, हे खरं. पण फोटो असूनही नाव चुकीचंच राहिलं, हेही खरं, कारण त्यांनी तो पाहिलाच नाही, नुसता काढला.

तुमच्यासाठी दोन गोष्टी. पाषाणला जलपर्णी वाढलेली असते, जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी भरपूर मिळतील, पण बदकं मला तरी पूर्वीइतकी दिसत नाहीत, तेव्हा पहिल्याच रविवारी निराश होऊ नका. आणि कवडीला एकटे जाऊ नका, बंधाऱ्यावर शेवाळ असतं.

तो फोटो दीड फुटी फ्रेम करून भावजींच्या हॉलमध्ये लावलाय, खाली पितळी पट्टीवर "गार्गेनी, कवडी, २०१७". वहीत मी त्याच आठवड्यात पेन्सिलीने खोडून चक्रांग केलं. पट्टीचं अजून सांगितलेलं नाही.