घाट : डोंगर की वाट?

प्रश्न असा आला आहे : "शाळेत 'पश्चिम घाट' ही डोंगररांग म्हणून शिकलो. घरी मात्र घाट म्हणजे वळणावळणाचा रस्ता, आणि नाशिकला, वाईला गेलं की घाट म्हणजे नदीच्या पायऱ्या. हे तीन वेगळे शब्द आहेत का? आणि डोंगराला घाट म्हणणं बरोबर का?"

शब्द एकच. संस्कृतात 'घट्ट' म्हणजे पाण्यापर्यंत उतरायची जागा, धक्का. नदीकाठी माणूस पाण्याकडे उतरतो, सह्याद्रीत कोकणाकडे. दोन्हीकडे घाट म्हणजे उतरायची सोय. डोंगर हा अर्थ नंतर नकाशाने चिकटवला.

आपल्या बोलण्यातली विभक्ती तपासा. 'घाटात गाडी बंद पडली' म्हणजे रस्त्यात. 'तो घाटावरचा आहे' म्हणजे देशावरचा, डोंगराच्या टोकावर राहणारा नव्हे. 'घाटाखाली' म्हणजे कोकणात. मुंबईत शिवीसारखा फेकला जाणारा 'घाटी' हा शब्दही याच वाटेने खाली उतरला. यातल्या एकातही घाट म्हणजे डोंगर नाही. डोंगराला स्वतःचं जुनं नाव आहेच. पुराणांतल्या सात कुलपर्वतांत महेंद्र, मलय यांच्या जोडीला 'सह्य' येतो.

वाटेला एवढं महत्त्व का, हे कळायला पुण्याहून मुंबईला निघावं. खंडाळ्यापर्यंत चढ असा फारसा नाहीच. मग अचानक जमीन संपते आणि समोर दरी. म्हणजे कोकणातून जी उंच भिंत दिसते, ती देशावरून पाहिली तर पठाराची तुटलेली कड आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हे पठार झालं. त्याच्या पश्चिम कडेला आखूड, वेगवान नद्या मागे मागे कोरत आल्या आणि कड पूर्वेकडे सरकत राहिली. महाबळेश्वरच्या माथ्यावर हा प्रकार जवळून दिसतो. सावित्री तिथून थेट कोकणात कोसळते. कृष्णाही तिथलीच. अरबी समुद्र तिच्यापासून सुमारे ६५ किलोमीटरवर, तरी ती पाठ फिरवून सुमारे १,४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. अशा प्रदेशात देशावरच्या माणसाला 'डोंगर कुठे आहे' यापेक्षा 'खाली कुठून उतरता येतं' हे माहीत असणं गरजेचं.

म्हणून उतरायच्या वाटांना प्रतवारीने नावं आहेत. बैल-घोडे नेता येतील तो घाट. दोन कड्यांच्या बेचक्यातून दगडधोंड्यांवरून हातपाय टेकत उतरावं लागतं ती नाळ, जशी लिंगाण्याजवळची बोराट्याची नाळ. खिंड म्हणजे डोंगरातली फट, तिच्यातून आरपार जायचं. चढउतार हा तिथला मुद्दा नाही. नाणेघाटात जुन्नरकडून कल्याणकडे उतरणारी फरसबंद वाट, सातवाहनकालीन लेणं आणि तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. बोरघाटात चाकांच्या गाड्यांसाठी रस्ता १८३० मध्ये झाला, आगगाडी १८६३ मध्ये आली.

मग डोंगराला घाट कोणी केलं? युरोपीय समुद्रातून आले, त्यांना भिंत दिसली आणि तिच्यातल्या वाटांची नावं ऐकू आली. इंग्रजीत ते 'घाट्स' असं अनेकवचनी लिहीत, त्यात निदान 'पुष्कळ वाटा' एवढी खूण उरते. आपण उलटं भाषांतर करताना तीही पुसली : एकवचनी 'पश्चिम घाट'. २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलं तेही हेच नाव.

पण सगळं खापर इंग्रजांवर फोडू नका. बीड-नगरकडच्या 'बालाघाट' रांगेचं तेच झालंय. फारसीत 'बाला' म्हणजे वरचा. वऱ्हाडाचे जुन्या कारभारात दोन भाग होते : अजिंठ्याच्या डोंगरावरचा तो बालाघाट आणि खालचं पूर्णेचं खोरं तो पयानघाट. मुळात घाटाच्या वरचा मुलूख असा अर्थ, आणि आज आपण खुशाल 'बालाघाटचे डोंगर' म्हणतो.

तेव्हा 'पश्चिम घाट' चूक म्हणता येत नाही, रुळलाय. मी स्वतः महाराष्ट्रापुरतं लिहिताना सह्याद्री लिहितो. केरळपर्यंतची सगळी रांग सांगायची असेल तर नाइलाजाने पश्चिम घाट.

एक गंमत. या लाव्हाच्या खडकाला भूशास्त्रात 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. त्यातला ट्रॅप सापळ्याचा नाही, जिन्याच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. कठीण थराचा उभा कडा, मऊ थर झिजून पडलेली सपाटी, पुन्हा कडा, अशा या डोंगरांना खरोखरच पायऱ्या असतात.

आणि हो, मूर्तीचा घाट किंवा 'लग्नाचा घाट घातला' यातला घाट वेगळा. तो घट् धातूचा, म्हणजे घडण्या-घडवण्याच्या कुळातला.