नाशिकहून गाडीने लेह: मनालीकडचा रस्ता बंद आणि परमिट अडकलं तर?

आमचं नेमकं हेच झालं होतं. नाशिकच्या द्वारका चौकातून आग्रा रोड धरला तेव्हा सगळं कागदावर चोख होतं. मनालीच्या पुढे केलाँगला पोचलो आणि पुढे दरड. दोन दिवस नाशिकचा चिवडा खात बसलो, मग निर्णय घेतला.

पहिलं: 'उद्या उघडेल' या भरवशावर दोन दिवसांपेक्षा जास्त थांबू नका. मंडीपर्यंत मागे या, पठाणकोट, जम्मू, श्रीनगर करत झोजिला खिंडीवरून लेह गाठा. फेरा मोठा आहे, डिझेल जळतं, पण खरं सांगू? तब्येतीला हाच रस्ता बरा. या रस्त्यावर मुक्कामाचं कारगिल साधारण २,७०० मीटरवर आहे; मनालीकडून सरचूला मुक्काम केला तर थेट ४,२०० च्या वर झोपायचं, डोकं फुटायची वेळ.

परमिट, म्हणजे सीमेजवळच्या भागात जायचा परवाना, अडकलं तर नुब्रा, पँगाँग, हानले सोडा. लेह शहर, आल्ची, लामायुरू यांना आपल्याला परमिट लागत नाही, तीन-चार दिवस आरामात जातात. मनालीकडून जाताना रोहतांग खिंडीचं परमिट नाही मिळालं तर सरळ अटल बोगद्यातून जा, त्याला लागत नाही.

त्याच रस्त्यावर तांडीच्या पंपावर टाकी फुल करा, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे अशी पाटीच होती तिथे. आणि एक पोस्टपेड सिम हवंच, बाहेरचं प्रीपेड काश्मीर-लडाखमध्ये चालत नाही.

हॉटेलं मात्र आधी पैसे भरून बुक करू नका. आमचे लेहचे दोन रात्रींचे पैसे बुडाले, मालक हसून 'जुले' (लडाखी नमस्कार) म्हणाला, बस्स.