‘ड्वार्फ घेतला’ की ‘बुटका झालो’?

सोलापुरातल्या एका तरुण वाचकाचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: “मी आणि माझे मित्र फँटसी गेम खेळतो आणि मराठीतून समालोचन करत व्हिडिओ बनवतो. पात्र निवडताना मी कायम ड्वार्फच निवडतो. पण मराठीत सांगताना अडखळतो. ‘बुटका’ म्हटलं की ऐकणारे हसतात, ‘ठेंगू’ पुस्तकी वाटतं, आणि ‘ड्वार्फ’ म्हटलं की घरचे विचारतात, मराठीत शब्द नाही का? शिवाय आम्ही ‘ड्वार्फ घेतला’ असं म्हणतो, ते चूक आहे का?”

ड्वार्फ म्हणजे या गेममधले ठेंगणे, दाढीवाले, खाणीत राबणारे कारागीर लोक. प्रश्न दोन आहेत. दुसरा आधी घेतो.

‘घेतला’ हे चूक तर नाहीच, ते अस्सल मराठी आहे. इंग्रजीत पात्र ‘खेळतात’. तुम्ही त्याची नक्कल केली नाहीत, याचा मला फार आनंद झाला. मराठी माणूस सोंग घेतो. भारुडात आंधळ्याचं सोंग, जोशाचं सोंग. लळितात, बोहाड्यात देवांची आणि राक्षसांची सोंगं. सोंग घेणारा त्या पात्राचा आवाज आणि चाल अंगावर घेतो आणि ‘मी’ म्हणून बोलू लागतो. भूमिका घेऊन खेळायच्या गेममध्ये याहून वेगळं काय होतं? नाव ठेवायचं, दाढी निवडायची, आवाज निवडायचा आणि पुढचे शंभर तास त्याच्या तोंडून उत्तरं द्यायची. तुमच्या पिढीनं ‘घेणे’ हे क्रियापद कुणी न शिकवता इथं वापरलं, म्हणजे भाषा आतून काम करते आहे.

तुमचा प्रश्न आल्यावर मी दोन संध्याकाळी भाच्याच्या मित्रांजवळ जाऊन बसलो. घर सोलापूरच्या पूर्व भागात आहे. शेजारी मागाची खटखट चालू होती आणि पोरं एकमेकांना ओरडून सूचना देत होती. तिथं मला ‘घेतला’ कमी आणि ‘घेतलो’ जास्त ऐकू आलं. “मी ड्वार्फ घेतलो, तू काय घेतलास बे?” प्रमाण मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माच्या मागं जातं: मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली. आपल्याकडे ते कर्त्याला धरून राहतं: मी आंबा खाल्लो, मी पोळी खाल्लो. कानडी आणि तेलुगूत क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालतं, आणि त्या दोन्ही भाषा सोलापूरच्या गल्लीत मराठीच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या आहेत. त्यामुळे बोलताना ‘ड्वार्फ घेतलो’ खुशाल म्हणा, ते आपल्या गावचं व्याकरण आहे. पडद्यावर लिहिताना ‘घेतला’ लिहा, म्हणजे नाशिक-नागपूरचा वाचक थबकणार नाही.

निवडीपुरतं ‘घेणे’ आणि खेळ रंगल्यावर ‘असणे’, असा फरकही ती मुलं आपोआप करत होती. सुरुवातीला “ड्वार्फ घेतलो”, तासाभरानं गेममध्ये एकजण विष पिऊनही उभा राहिला तेव्हा “मी ड्वार्फ आहे, मला काय होत नाही!”

आता शब्दाकडे. उंची कमी असणाऱ्यासाठी मराठीत शब्दांची मुळीच टंचाई नाही. बुटका, ठेंगणा, ठेंगू, खुजा, गिड्डा, वामन, बटू. प्रत्येकानं आपापलं शेत आधीच धरलेलं आहे. ‘बुटका’ बालकथेत गेला: हिमगौरी आणि सात बुटके. ‘ठेंगू’ शेतीत स्थिरावला. नारळाच्या उंच जाती आणि ठेंगू जाती असं आपण वाचतो. ‘बटू’ आकाशात गेला. श्वेत बटू म्हणजे विझत चाललेला तारा, आणि २००६ साली प्लूटोची ग्रहांतून गणती संपली तेव्हा तो बटुग्रह झाला. ‘खुजा’ संस्कृत ‘कुब्ज’वरून प्राकृत ‘खुज्ज’मार्गे आला, आज तो विचारांच्या कोतेपणासाठीच जास्त वापरतात. हिंदीतला ‘बौना’ हा ‘वामन’चाच वंशज. ‘गिड्डा’ खास आपल्या दक्षिणेकडचा, कानडीतल्या ‘गिड्ड’चा सख्खा. त्या घरातला एक मुलगा कानडीत ‘कुळ्ळ’ म्हणाला, दुसऱ्यानं तेलुगूतला ‘पोट्टी’ सांगितला. म्हणजे एका खोलीत तीन भाषांचे शब्द जमले, आणि तिन्ही उंचीच मोजत होते.

अडचण नेमकी इथं आहे. गेममधला ड्वार्फ उंचीनं कमी असतो खरा, पण त्याचं नाव आज उंची सांगत नाही. ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) मध्ये पात्र बनवताना ड्वार्फ, हाफलिंग आणि नोम हे तीन निरनिराळे लोक निवडायला मिळतात. तिघेही बुटकेच. ‘बुटका’ म्हणालात तर कोणता? हा एकच मुद्दा मला पुरेसा वाटतो.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. ‘स्कायरिम’ (२०११) ज्या मालिकेतला गेम आहे, त्यात ड्वेमर नावाचे नाहीसे झालेले लोक आहेत. त्यांची पितळी यंत्रं आणि जमिनीखालची शहरं मागं राहिली आहेत. त्या जगात सगळे त्यांना ड्वार्फ म्हणतात. पण त्यांची उंची इतरांइतकीच होती. राक्षसांएवढ्या धिप्पाड लोकांनी त्यांना पाहिलं, त्यांना ते बुटके वाटले आणि नाव चिकटलं, असं तिथली दंतकथा सांगते. नाव देणाऱ्याची उंची नावात शिरते, ही गोष्ट शब्दांवर प्रेम करणाऱ्यानं जपून ठेवावी अशी आहे.

मुळात उत्तर युरोपच्या नॉर्स पुराणकथांतले ‘ड्वेर्ग’ ओळखले जातात ते कारागिरीसाठी. ते खडकात राहतात, सोनं घडवतात, देवांची शस्त्रं बनवतात. ‘थोर’ नावाच्या देवाचा हातोडा त्यांनीच घडवला. लोकी नावाच्या खोडकर देवानं माशी होऊन भात्यावरच्या कारागिराला चावा घेतला, म्हणून हातोड्याचा दांडा आखूड राहिला, अशी तेराव्या शतकात लिहून ठेवलेली कथा आहे. जुन्या कवितांत त्यांच्या ठेंगणेपणावर भर नाही. तो पुढच्या लोककथांनी दिला. इंग्रजीलाही हा गुंता सोडवावा लागला. १९३७ साली डिस्नेच्या चित्रपटाच्या नावात अनेकवचन ‘ड्वार्फ्स’ होतं, आणि त्याच वर्षी टॉल्किन या लेखकानं ‘द हॉबिट’ या कादंबरीत ‘ड्वार्व्ज’ लिहिलं. बालकथांतल्या बुटक्यांपासून आपले लोक थोडे दूर ठेवावेत म्हणून हे रूप वापरलं, असं त्यानं पुढं लिहिलं. तुम्हाला ‘बुटका’ म्हणताना जे खुपतं, तेच त्यालाही खुपत होतं.

आता खेळणारे ड्वार्फ का घेतात, ते ऐकलं की शब्द कोणता हवा हे आपोआप उमगतं. लोकप्रियतेत तो वरच्या पायरीवर नाही. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये एल्फ, अर्ध-एल्फ आणि माणूस ही तीन पात्रं सर्वांत जास्त घेतली जातात. देखणेपण तिकडं आहे. ड्वार्फ एका फेरीत साडेसात मीटर चालतो, माणूस नऊ मीटर. त्यामुळे मारामारीच्या जागी पोचेपर्यंत निम्मं भांडण संपलेलं असतं, अशी त्या मुलांची तक्रार होती. तरी काहीजण हटकून त्यालाच घेतात. ज्या टेबलावरच्या खेळातून हे सगळे गेम निघाले, त्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४च्या नियमांत ड्वार्फाला काटकपणाचे दोन गुण जास्त मिळतात, विषाला तो सहज बधत नाही, अंधारात त्याला दिसतं, आणि जड चिलखतानं त्याचा वेग कमी होत नाही. कधी निवड साफ हिशेबाचीही असते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या पहिल्या आवृत्तीत भीतीपासून साथीदाराला वाचवणारा एक मंत्र अलायन्स या गटाच्या बाजूला फक्त ड्वार्फ पुरोहिताकडे होता. मोठ्या राक्षसांशी लढणाऱ्या टोळ्या तेव्हा असा पुरोहित शोधत फिरायच्या.

पण मला त्या खोलीत जे कारण ऐकायला मिळालं ते कुठल्याही गुणफलकावर नाही. घरात तीन पिढ्या माग चालवलेला एक मुलगा. मी विचारलं, “तू नेहमी हाच का घेतोस?” तो म्हणाला, “काका, बाकीचे जन्मानंच भारी असतात. हा हातानं करून भारी होतो.” थोडं थांबून म्हणाला, “आमचे आजोबा असेच होते. बोलायचे कमी, चादर बघितली की कळायचं कुणी विणली.” ज्याला तो आजोबांशेजारी बसवतो, त्याला ‘बुटका’ किंवा ‘गिड्डा’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणखी एक कारण आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ठेंगणी माणसं आपल्या गावात आहेत, वर्गात आहेत, बसच्या रांगेत आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं त्यांची नोंद घेतली आहे. प्रौढपणी १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उंची राहते अशी ती वैद्यकीय अवस्था. ती माणसं खाणीतून सोनं काढत नाहीत आणि कुऱ्हाडी फिरवत नाहीत. त्यांच्यासाठीचा शब्द काल्पनिक लोकांना दिला, की व्हिडिओखालचं हसणं त्यांच्यापर्यंत जाऊन पोचतं.

मग आपल्या पुराणांत कुणी आहे का? वालखिल्य अंगठ्याएवढे, पण ते तपस्वी ऋषी. त्यांचा हातोड्याशी संबंध नाही. वामन तर तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणारा विष्णू, त्याला हात लावू नये. देवळाच्या खांबावर छताचा भार तोलणारे ढेरपोटे, आखूड पायांचे कीचक चित्र म्हणून हुबेहूब जमतात. पण ‘कीचक’ म्हटलं की मराठी माणसाला विराटाच्या दरबारातला पापीच आठवणार. उरतो कुबेराचा परिवार. कुबेराच्या नावाचीच परंपरागत फोड ‘बेढब देहाचा’ अशी करतात. तो धनाचा स्वामी, राहणार डोंगरात, आणि त्याच्या खजिन्याची राखण करतात यक्ष आणि गुह्यक. गुह्यक म्हणजे लपून राहणारे, दडलेले. अमरकोशात देवयोनींच्या यादीत यक्ष, गंधर्व, किन्नर यांच्या पंगतीत त्यांचं नाव आहे. डोंगर, गुहा, गाडलेलं धन, राखण: ड्वार्फाच्या इतकं जवळ आपल्याकडे दुसरं कुणी नाही. यक्षावर आधीच खूप कथांचं ओझं आहे. गुह्यक जवळजवळ रिकामा शब्द आहे, त्यात नवा अर्थ भरायला जागा आहे.

त्याच्या दोन उणिवा सांगायला हव्यात. गुह्यक देवयोनी आहेत. ड्वार्फ मरतो, म्हातारा होतो, कर्ज काढतो. आणि ‘गुह्य’ शब्द आज गुप्तरोगाच्या पाटीवरही वाचायला मिळतो, त्यामुळे बोलताना तो दचकवेल. म्हणून माझं मत असं. समालोचनात ‘ड्वार्फ’च ठेवा, टेबल आणि स्टेशनसारखा तो रुळेल. ड्वार्फांची कथा मराठीत लिहायला बसलात, तर तिथं ‘गुह्यक’ वापरून बघा. लेखी गोष्टीत तो शोभेल असा मला भरवसा आहे.

‘ड्वार्फ’ घ्यायचाच तर मराठी पद्धतीनं चालवा. एक ड्वार्फ, दोन ड्वार्फ, जसं एक दगड, दोन दगड. ‘ड्वार्व्ज’ची गरज नाही. एकवचनात ‘ड्वार्फला’ आणि ‘ड्वार्फाला’ दोन्ही चालतात, मला दुसरं गोड वाटतं. अनेकवचनात मात्र अनुस्वार सोडू नका: ड्वार्फांनी, ड्वार्फांचा. स्त्रीसाठी तुम्ही ‘फिमेल ड्वार्फ’ म्हणता. वाघीण, पाटलीण यांच्या चालीवर ‘ड्वार्फीण’ म्हणून बघा.

ओघानं आलं म्हणून सांगतो: पात्र कोणत्या वंशाचं हे सांगणाऱ्या ‘रेस’ या इंग्रजी शब्दासाठी ‘जात’ वापरू नका. आंब्याची जात म्हणतो त्या अर्थानं तो शब्द बसतो, पण माणसासारख्या पात्रापुढं तो आला की दुसराच अर्थ कानात वाजतो. २०२४च्या नव्या नियमांत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’नंही ‘रेस’ हा शब्द काढून टाकला. नुसतं ‘लोक’ म्हणा: ड्वार्फ लोक, एल्फ लोक. ‘जात’ राखून ठेवा ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’साठी (२००९). तिथल्या ओर्झामार नगरीत ड्वार्फांमध्ये सरदार, लढवय्ये, लोहार, कारागीर, खाणकरी, व्यापारी, सेवक अशा जन्मानं ठरणाऱ्या पायऱ्या आहेत. त्या पायऱ्यांबाहेरच्यांच्या चेहऱ्यावर खूण गोंदवलेली असते आणि खेळ सुरू करताना तुम्ही त्या माणसाचं आयुष्यही घेऊ शकता. तिथं ‘जात’ हाच शब्द हवा, दुसरा कोणताही वापरला तर खरं झाकलं जाईल.

तेव्हा तुमच्या पुढच्या व्हिडिओचं पहिलं वाक्य असं ठेवता येईल: “नमस्कार, आज मी ड्वार्फ घेतलाय, हातोडा त्यानं स्वतः घडवलाय, आणि आम्ही ड्वार्फांच्या जुन्या खाणीत उतरतोय.” बोलताना ‘घेतलोय’ म्हणालात तरी मला चालेल.