उतू नये, मातू नये

प्रश्न असा आहे : «प्रचंड पैसा मिळाल्यावरही एखादी व्हिडिओ गेम कंपनी पाय जमिनीवर ठेवून राहू शकते का? खरं उदाहरण आहे का?»

आहे. माझं उदाहरण निन्टेन्डोचं, मारिओ हा खेळ काढणाऱ्या जपानी कंपनीचं. पण ही कंपनी जन्मापासून नम्र होती असं मी म्हणणार नाही. ती एकदा चांगलीच मातली होती.

मी बेळगावच्या शहापूरचा. उद्यमबागेत आमचं भागीदारीतलं छोटं मशीन शॉप आहे, अकरा माणसं कामाला आहेत. त्याआधी आमचे आप्पा तिथल्याच एका फाउंड्रीत मोल्डर होते, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे करायचे. नव्वदच्या दशकात गल्लीच्या तोंडाशी एका खोलीत टीव्ही गेम होता. तासाचे पैसे मोजून आम्ही पोरं मारिओ खेळायचो. डबा नकली, कॅसेट नकली, आत खेळ मात्र निन्टेन्डोचा. कंपनीला आमच्याकडून एक पैसाही गेला नसेल, तरी तिच्याबद्दलची आपुलकी तिथूनच आली.

आजी श्रावणात दर रविवारी आदित्य राणूबाईची कहाणी वाचायची. «उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील» हे शब्द आम्हाला पाठ होते. कहाणीत भरभराट येते, माणूस उततो, वसा टाकतो, दारिद्र्य येतं, मग पुन्हा वसा घेतो. निन्टेन्डोचा इतिहास वाचताना मला सारखी तीच कहाणी आठवते.

1889 साली क्योटोत ही कंपनी हानाफुदा नावाचे पत्ते बनवायला सुरू झाली. 1983 साली तिचं फॅमिकॉम हे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र आलं. जगभरात त्याचे सहा कोटींहून जास्त नग गेले आणि तिथेच मस्ती आली. अमेरिकेत या यंत्रासाठी गेम बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीनं वर्षाला पाचच गेम काढायचे, कॅसेट निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायच्या, असा नियम होता. 1991 साली अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात सोनीनं निन्टेन्डोबरोबरचं सीडीचं यंत्र जाहीर केलं, आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोनं फिलिप्सशी हातमिळवणी जाहीर केली. भर मांडवात नवरी बदलावी तसं. दुखावलेल्या सोनीनं मग स्वतःचं, सीडीवर चालणारं प्लेस्टेशन काढलं. ते दहा कोटींच्या पुढे गेलं. निन्टेन्डोचं त्या वेळचं यंत्र, निन्टेन्डो 64, कॅसेटलाच चिकटून बसलं आणि सव्वातीन कोटींच्या आसपास थांबलं. आधीच्या नियमांनी वैतागलेल्या कंपन्याही सोनीकडे गेल्या. फायनल फँटसी या गाजलेल्या गेमचा सातवा भाग 1997 साली प्लेस्टेशनवर आला, तो त्यातलाच.

इथून पुढची गोष्ट सातोरु इवातांची. ते मुळात प्रोग्रॅमर. 1993 साली हॅल लॅबोरेटरी नावाच्या बुडत्या गेम कंपनीचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा तिच्यावर दीडशे कोटी येनचं कर्ज होतं. त्यांनी एकेका कर्मचाऱ्याला समोर बसवून त्याचं म्हणणं ऐकलं, आणि कर्ज फेडलं. 2002 मध्ये ते निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले. कंपनी काढणाऱ्या यामाउची घराण्याबाहेरचे ते पहिलेच. त्यांच्या काळात हातात धरून खेळायचं डीएस पंधरा कोटींच्या वर गेलं, टीव्हीला जोडायचं वी दहा कोटींच्या वर. ज्यांनी आयुष्यात गेम हातात धरला नव्हता अशी आजी-आजोबा मंडळीही वी घेऊन बोलिंग खेळू लागली. यश म्हणतात ते हे.

मग 2011 साली डीएसच्या पुढचं थ्रीडीएस आलं, जपानमध्ये 25,000 येनला. ते उठेना. सहा महिन्यांच्या आत किंमत 15,000 येनवर आणावी लागली. आधी पूर्ण पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकांना वीस जुने गेम फुकट दिले. आणि इवातांनी स्वतःचा पगार निम्मा केला. पुढे वीनंतरचं वी यू पडलं, पुरते दीड कोटीही नग गेले नाहीत. 2014 च्या सुरुवातीला त्यांनी पाच महिन्यांसाठी पुन्हा पगार निम्म्यावर आणला. बाकीच्या संचालकांचेही कापले गेले, पण त्यांच्यापेक्षा कमी. मधे 2013 साली भागधारकांच्या सभेत माणसं कमी करण्याचा विषय निघाला होता. माणसं काढली तर ताळेबंद तेवढ्यापुरता सुधारतो, पण नोकरीच्या धास्तीत असलेल्या माणसाच्या हातून लोकांना भावेल असा गेम होत नाही, या अर्थाचं त्यांनी उत्तर दिलं.

हे मला इतकं का लागतं, ते सांगतो. आप्पा होते त्या फाउंड्रीत तेजीची वर्षं आली तेव्हा रात्रंदिवस मेल्टिंग चालायचं. ओव्हरटाइमला नाही म्हणायची सोय नव्हती. मालकांचा बंगला झाला, गाडी झाली. चांगलंच झालं, धंदा त्यांचा होता. पण 2008 ची मंदी आली आणि ट्रॅक्टर-ट्रकच्या कास्टिंगच्या ऑर्डरी थांबल्या, तेव्हा पहिल्याच महिन्यात मोल्डर घरी बसले. वीस वर्षं वाळूत हात घातलेली माणसं होती ती. गाडी दारातच राहिली.

इवातांच्या पगाराची बातमी मी आप्पांना घरी वाचून दाखवली होती. जपान, गेम, येन, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, «कुणाला घरी बसवलान काय रे त्यानं?»

मी म्हणालो, «नाही आप्पा.»

«पुन्हा वाच बघू.»

म्हणून माझं मत असं की कंपनी नम्र आहे की नाही हे तिच्या मुलाखतींवरून कळत नाही. भरभराटीनंतरचं पहिलं वाईट वर्ष बघा. झालेल्या चुकीची भरपाई कुणाच्या खिशातून गेली, ते बघा.

इवाता 11 जुलै 2015 ला गेले, पंचावन्नाव्या वर्षी. निन्टेन्डोचं पुढचं यंत्र स्विच 2017 साली बाजारात आलं, ते त्यांना बघायला मिळालं नाही. त्याचे पंधरा कोटींहून जास्त नग गेलेत. 5 जून 2025 ला स्विच 2 आलं आणि त्याबरोबरच्या मारिओ कार्ट या गेमची अमेरिकेतली किंमत 80 डॉलर ठेवली. माझा भाचा खूश आहे. मी मात्र तो आकडा बघून जरा गप्प झालो. पुन्हा भरभराटीचे दिवस आहेत, आणि खुर्चीत आता दुसरी माणसं आहेत.